गडग्यापलीकडच्या तारा

माझं अर्थिंग कधी चुकत नाही, असं मी एकवीस वर्षं आयटीआयच्या वायरमनच्या वर्गात छातीठोकपणे सांगत आले. खोल खड्डा, मधोमध नळी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून दोन बादल्या पाणी. वीज असो की शॉर्टसर्किट, सगळं गुमान जमिनीत जातं. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांनी केलेली अर्थिंगं आज अर्ध्या देवगड तालुक्यात शाबूत आहेत. आणि नेमकं हेच ज्ञान मला नवऱ्याच्या बाबतीत नडलं.

नवरा म्हणजे हर्षद पारकर, मालवाहू जहाजावरचा बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आषाढात तो निघाला तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मागची खेप शेवटची, असं त्याने माझ्यासमोर देवाला नारळ ठेवून सांगितलं होतं, आणि आता पुन्हा बॅग भरत होता. मी रागाने त्याला तिथेच राहायला सांगितलं: "मगे थयच रव." त्याला सोडायला स्टँडवर गेले नाही. प्रॅक्टिकल परीक्षा आहे असं कारण सांगितलं. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

पूर्वीचे दिवस असते तर त्याच रात्री फोन केला असता, रडले असते आणि विषय मिटला असता. पण दोन हजार त्रेचाळीस साली वर आकाशात दोन उपग्रहांची टक्कर झाली, त्यांच्या तुकड्यांनी आणखी चार फोडले, त्या चारांनी आणखी किती, ते मोजायचं पुढे सगळ्यांनी सोडून दिलं. जे वाचले ते हवामानाला आणि सैन्याला. जमिनीवरचे फोन चालू राहिले, पण भर समुद्रातल्या माणसाशी बोलायला आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातला शॉर्टवेव्ह रेडिओ पुन्हा बाहेर काढावा लागला. खलाशांच्या घरी सरकारने छोटे सेट दिले. प्रत्येक सेट ज्या घराच्या नावावर, त्याच जागेवरून चालणार, दुसरीकडे नेला की मुका होणार. शंभर वॅट ताकद, साडेतीन मीटर उंचीचा खांब, त्याहून जास्त काही लावायचं नाही. आमच्या वाट्याला दर तिसऱ्या संध्याकाळची सहा मिनिटं आली, सूर्य मावळायच्या सुमाराची.

आमची बारा घरांची वाडी देवगडच्या वरच्या सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात चार महिने फुलांनी भरतं, एरवी नुसता तापलेला कातळ. अंगणाच्या कडेला, नुसते दगड रचून केलेल्या गडग्यापासून दोन पावलांवर मी अॅल्युमिनियमचा खांब उभा केला, त्याच्या बुडाशी माझं नामांकित अर्थिंग केलं. वीस किलो मीठ घातलं. मीटर लावला तर काटा बरोबर पन्नास ओहमवर. सेटला पन्नासच हवे असतात. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पहिल्या संध्याकाळी हर्षदचा आवाज आला तो अगदी अंगणात उभा असल्यासारखा. "मृणाल, आयकतंस काय?"

"आयकतंय!" मी ओरडले.

"मृणाल, आयकतंस काय?"

सहा मिनिटं तो तेच विचारत राहिला आणि सहा मिनिटं मी तेच उत्तर देत राहिले. शेवटी म्हणाला, "बरा. राग असात अजून." आणि खरखर सुरू झाली.

असं एकदा नाही, श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत झालं. त्याचं मला सगळं ऐकू यायचं, माझं त्याला काही नाही. सेट बदलून आणला, केबल बदलली. बंदरात लागलं तरी करार संपेपर्यंत खलाशाला जहाजावरून उतरता येत नसे, त्यामुळे फोनही नाही. रेडिओ-केंद्रातून निरोप पाठवता यायचा, पण त्याची रांग सहा-सात महिन्यांची. मी रांगेत नाव घातलं आणि ओरडत राहिले. घसा बसला की मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची. मिठाशिवाय माझं कशातच भागत नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्याने दुसराच प्रश्न विचारला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या एका बंदराला लागणार होतं. तिथे करार संपत होता. उतरायचं असेल तर तिथेच, नाहीतर पुढच्या दीड वर्षाच्या कागदावर सही.

"मृणाल, येव काय रवू? तूच सांग. तू गप रवलंस तर मी समजान, तू तेव्हा बोललंस ताच खरा."

मी तेव्हा काय बोलले होते ते मला रोज ऐकू येत होतं. मगे थयच रव.

*

मला डोळे दिले ते आफरीन मुकादमने. रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत ती मातीतल्या जिवाणूंवर काम करते, माझ्या जुन्या मैत्रिणीची मुलगी. नाताळच्या आधी घरी आली, खांब पाहिला, खड्डा पाहिला आणि मी 'पन्नास' म्हणताच कपाळावर हात मारला.

"मावशी, उभा खांब म्हणजे अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा जमीन असते. खांबातून वीज वर धावते, तेव्हा तिच्या जोडीची वीज जमिनीतून चारी बाजूंनी खांबाच्या बुडाशी परत यावी लागते. सेकंदाला एक कोटी चाळीस लाख वेळा. ती तुझ्या नळीसारखी खोल उतरत नाही, वरवरच्या थरातून येते. आणि वरचा थर म्हणजे हा कोरडा कातळ. तो तिला येऊच देत नाही, वाटेतच खातो."

"पण मीटर पन्नास दाखवतो की!"

"त्या पन्नासातले बारा अँटेनाचे. अडतीस कातळाचे. तू शंभर वॅट सोडतेस, त्यातले पंचाहत्तर सडा तापवायला जातात."

"मगे त्याचा माका कसा आयकूक येता?"

"ऐकताना कातळ त्याचा आवाज खातो तशी आभाळातली खरखरही तेवढीच खातो. दोन्ही सारखे बारीक होतात, सेट दोन्ही मोठे करतो, आवाज खरखरीच्या वर राहतो. शिवाय काका खाऱ्या समुद्रावर आहेत. त्यांच्याखाली हजारो मैल चांगली जमीनच आहे म्हण. बोलताना मात्र जे कातळाने खाल्लं ते गेलं."

उपाय जुनाच होता. खांबाच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूकडे तारा पसरायच्या, म्हणजे परतणाऱ्या विजेला कातळातून यायला नको. चार लांब तारांपेक्षा सोळा आखूड बऱ्या. जितक्या जास्त तितकं बरं, पण साठांच्या पुढे फारसा फरक नाही. अडचण तांब्याची. गाड्या विजेवर आल्यापासून तांबं रेशनवर, आणि माझ्या नावावर वर्षाला चाळीस मीटर. लोखंडी तार या कामाला तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि सड्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात तिचा भुगा होतो.

आफरीनने पिशवीतून काचेची बरणी काढली. आत चिखलासारखं काहीतरी काळं.

हे तिचं काम. लोखंडावर जगणारा एक जिवाणू आहे. आपण श्वासाला हवा घेतो, तो मातीतलं लोखंड वापरतो आणि त्यासाठी अंगातून बारीक धागे काढतो, वीज वाहणारे. प्रयोगशाळेत त्याला असा वाढवला होता की धाग्याला धागा जोडत तो हातभर, मग कासराभर पसरतो. जांभ्या दगडात लोखंडाला काय तोटा! त्याला फक्त ओल हवी आणि पिठूळ पाणी, म्हणजे तांदळाचं धुवण. "जिवंत तार" म्हणतात त्याला. आफरीनला ते नाव आवडत नाही, पण लोकांच्या तोंडी तेच बसलं आहे.

आम्ही खांबाभोवती कातळाच्या भेगांमधून ते काळं ओतलं. मी रोज धुवण घालू लागले. दहा दिवसांत खांबाजवळचं सगळं करडं पडून पापुद्र्यासारखं निघालं. आफरीनला फोन केला.

"मावशी, त्या खड्ड्यात काय काय घातलं होतंस?"

"नेहमीचाच. कोळसो आणि मीठ."

"मीठ? किती?"

मी सांगितलं. पोर भली, रागावली नाही. म्हणाली, मीठ पाण्याबरोबर दोन-दोन मीटर पसरलं असणार, तेवढ्यात काही जगायचं नाही. नवी बरणी तयार व्हायला महिना लागेल.

महिना माझ्याकडे नव्हता. त्या संध्याकाळी हर्षदने पुन्हा विचारलं, येव काय रवू. मी सेटपुढे बसून नुसती रडले. रडणंही त्याला ऐकू गेलं नाही.

*

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळी, गडग्यावरून आवाज आला.

"गो, ह्या काय केलंस?"

गडग्यापलीकडे माझी थोरली जाऊ राहते, वैदेहीवहिनी. आमच्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वाटणीच्या वेळी हा गडगा वीतभर इकडे सरकला की तिकडे, यावरून. जिथे कुसळ उगवत नाही असल्या वीतभर कातळावरून आम्ही दोघी शिकल्यासवरल्या बायका अकरा वर्षं एकमेकींची तोंडं चुकवत होतो. हळदीकुंकवाला एका घरी गेलो तर एक पुढच्या दाराने आणि दुसरी मागच्या. चार वर्षांपूर्वी माझे मोठे दीर गेले तेव्हाही मी बायकांच्या मागे उभी राहून परत आले होते. त्याची मला लाज वाटते, पण तेव्हा पाय पुढे पडला नाही.

वहिनींच्या मुठीत काळ्या केसांचा झुपका होता. "माझ्या आळवाच्या वाफ्यात सगळा ह्याच भरला हा. कसला औषध सोडलंस? मी आता चुनो टाकून जाळून टाकतंय."

मी गडग्यावर हात टेकले आणि पलीकडे वाकून पाहिलं. अळूच्या वाफ्यातली माती काळी, ओली, आणि तिच्यातून धाग्यांचं जाळं गेलं होतं. वाफ्याच्या पलीकडे काजूपर्यंत. मिठाच्या कडेला जे काही वाचलं होतं, ते माझ्या कोरड्या अंगणात न पसरता दगडांखालून पाण्याच्या दिशेने निघून गेलं होतं.

"वयनी, चुनो घालू नकात," मी म्हणाले. अकरा वर्षांनंतरचं माझं पहिलं वाक्य. "तुमच्या पायां पडतंय. ता माझा हा."

आणि मग मी सगळं सांगितलं. स्टँडवर न गेल्याचं, मिठाचं, कराराचं. सांगताना माझा आवाज फुटला आणि मी तो आवरला नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगतंस काय? सगळी वाडी आयकता तुझा. आयकतंय, आयकतंय, म्हणान बोंबलतंस. तो एकटोच आयकणा नाय."

मला हसू आलं, रडता रडता. त्या हसल्या नाहीत. मुठीतले धागे त्यांनी खाली वाकून परत मातीत ठेवले, वर माती लोटली आणि विचारलं, "आता काय करूचा?"

करायचं ते मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. धागे मिठापलीकडे जिवंत, खांब मिठाच्या मधोमध. मधल्या अडीच मीटरवर पूल हवा. चाळीस मीटर तांबं, अडीच मीटरचे सोळा तुकडे. वायरमनला आयुष्यात एकदा असा हिशेब जुळतो.

पाच तारा माझ्या बाजूच्या विरळ धाग्यांना. अकरा पलीकडे. गडगा पाडायची गरज नव्हती. रचलेले चिरे, मध्ये चुना-माती काही नाही, जागोजागी फटी. मी इकडून तार फटीत सारायची आणि पलीकडून वहिनींचा हात ती पकडायचा. हात मला दिसत नव्हता, फक्त ओढ लागायची.

"इली?"

"इली. सोड."

"जरा उजवीकडे घेवा, वयनी. पंख्याच्या पात्यांसारख्यो फाकवूच्यो."

"माका शिकव नको. रांगोळी काढूक येता माका."

प्रत्येक तारेचं टोक खरवडून त्यांनी धाग्यांच्या गुंत्यात पुरलं, वर ओला चिखल थापला. दुपारपर्यंत अकराही तारा झाल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरचं आणि शेजारच्या दोन घरांचं धुवण आणून घातलं. मी माझ्या बाजूला घातलं. संक्रांतीच्या दुपारी मीटर लावला तेव्हा काटा पन्नासवरून घसरत बावीसवर आला. बारा अँटेनाचे, कातळाचे आता जेमतेम दहा. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने त्याला बिघाड म्हटलं असतं. मी खांबाच्या बुडाशी असलेल्या कॉइलचे वेढे बदलून सेटशी जुळवून घेतलं आणि ओट्यावर सेटपुढे येऊन बसले.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात अडकली होती. पौष महिना. वाडीची विहीर तळाला गेलेली, टँकर दिवसाआड. असल्या दिवसांत कोण अळूला इतकं पाणी घालतं? आणि अळूसुद्धा ऐन गडग्याला लागून, जिथे दुपारपर्यंत ऊन नाही?

*

सहा वाजून दहा मिनिटांनी खरखर फाटली.

"मृणाल." आवाज थकलेला होता. "उद्या सकाळी बंदर. कागद माझ्याकडे दिलो हा. आता शेवटचा विचारतंय."

मी बटण दाबलं. इतके महिने ओरडले होते, त्या दिवशी ओरडले नाही. "ये," मी म्हणाले.

बटण सोडलं. खरखर. मी मनात आकडे मोजले. सात, आठ.

"कोण?" तो म्हणाला. "कोण बोलला? परत बोल."

"मी. मृणाल. ये. सही करू नको. घराक ये."

"परत बोल."

मी सेटवर वाकले. "ये! हर्षद, ये! मी तेव्हा रागान बोललंय. स्टँडर इलंय नाय ताय चुकला. ये!"

"परत बोल."

"अरे, ये म्हणतंय ना! आयकूक येणा नाय काय?"

मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज मला ओळखू येईना, इतका तो भरला होता. "पयल्यांदाच आयकलंय. सगळा आयकलंय."

"मगे परत बोल कित्याक म्हणतंस, मेल्या?"

"सात महिने झाले, मृणाल."

मी तोंडावर पदर दाबला. थोड्या वेळाने त्याने कागद फाडल्याचा आवाज मला ऐकवला, अगदी माईकजवळ धरून. उद्या उतरतो, म्हणाला. तिथून पहिल्या विमानाने. आठवड्याभरात घरी.

मला नाचावंसं वाटत होतं. कुणाला तरी सांगायला हवं होतं म्हणून मी गडग्याकडे धावले. "वयनी! तो येता!"

वहिनी गडग्याला पाठ लावून खाली बसल्या होत्या, अळूच्या वाफ्याशी. शेजारी पाण्याची कळशी. डोळे मिटलेले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला सगळा उलगडा झाला आणि झाला नसता तर बरं, असंही वाटलं. त्यांच्या बसण्याची जागा गुळगुळीत झाली होती. तिथे त्या गेले कित्येक महिने दर तिसऱ्या संध्याकाळी बसत होत्या. हातात काहीतरी काम हवं म्हणून पाणी घालत होत्या.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "येवंदे. येवकच व्हयो."

"वयनी, तुमी दर वेळी हयसर..."

"तुझा आयकूक बसणा नाय हा मी." त्यांनी पदराने कळशीचा काठ पुसला. "तेचो आवाज ह्यांच्यासारखोच हा गो. भाव ना दोघे. घरात बोलता तेव्हा तसो वाटणा नव्हतो. पण त्या डबड्यातसून लांबसून इलो, आणि डोळे मिटले, की हेच बोलतत. येव काय रवू, इचारतत. मी मनात म्हणतंय, येवा."

मी गडग्यावरून खाली वाकले. त्यांनीच पुढे म्हटलं, "आता तो इलो म्हणजे ता बंद होतला. होवंदे. माणूस घरात असललो बरो."

आणि हे त्यांना दोन दिवसांपूर्वी, पहिली तार ओढतानाही माहीत होतं. तरी त्यांनी अकराच्या अकरा तारा ओढल्या होत्या.

ओट्यावरून हर्षद हाका मारत होता. "मृणाल? गेलंस खंय? दोन मिनिटां हत अजून."

मी परत गेले आणि बटण दाबलं. "हय असंय. तू बोलत रव."

"काय बोलू?"

"काय पण बोल. आज काय खाल्लंस ता सांग. समुद्र कसो हा सांग. जरा मोठ्यान बोल."

मी सेटवरून हात काढला, स्पीकर उचलला आणि त्याचं तोंड गडग्याकडे केलं. हर्षद सांगू लागला. जेवणात मासे होते, आपल्यासारखे नव्हेत. समुद्र काळा-निळा, वारा गार, संध्याकाळ अजून व्हायची होती. तो बोलत होता आणि मी गप्प बसून होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. गडग्यापलीकडून आधीच भिजलेल्या वाफ्यात सावकाश पाणी घातल्याचा आवाज येत होता.